गोरखचिंच सात सेंटिमीटरनं बारीक झाली

मंडळी, आमच्या गोरखचिंचेच्या, म्हणजे बाओबाबच्या खोडाचा दिवाळीतला घेर ९.८६ मीटर. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी त्याच झाडाचा, त्याच उंचीवर, ९.७९. झाड जाडावतं, नाहीतर आहे तेवढं राहतं, एवढंच आजवर माहीत होतं. त्यामुळे आकडा वाचून मी तिथंच मटकन बसले.

घाबरायला कारणही होतं. नेमकी त्याच आठवड्यात आफ्रिकेतल्या गोरखचिंचांवरची २०१८ ची पाहणी वाचत होते. एड्रियन पात्रुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन पद्धतीनं वयं काढली होती. सर्वांत म्हाताऱ्या १३ झाडांपैकी ९ झाडं बारा वर्षांत मेली, नाहीतर त्यांची सर्वांत जुनी खोडं कोसळली. बोट्स्वानातली चॅपमनची गोरखचिंच जानेवारी २०१६ मध्ये आडवी झाली. एवढं वाचून गेलेल्या माणसाला सात सेंटिमीटर कमी दिसले तर काय होणार?

पाराशी बसलेले आबा शांतपणे म्हणाले, "ताई, उन्हायामा गाय बी बारीक व्हस, मंग झाड काबर नही?" मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढचे तीन आठवडे फितीच्या मागे घालवले.

आधी फीत. दिवाळीत माझ्याकडे कापडी होती, आता फायबरची तीस मीटरची आहे. अंगणात दहा मीटर तार ताणून दोन्ही तिच्यावर धरल्या, तर दोघींत एक सेंटिमीटरचा फरक निघाला. कापडी फीत या कामात वापरूच नका, ओढली की ताणली जाते. पोलादी फीत फुगवट्यांवर नीट बसत नाही, मध्येच मोडते. फायबरचीच घ्या, पण शून्य कुठं आहे ते बघून. काहींचं शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींचं कडी संपल्यावर. मी घेतली त्या दुकानात "सगळ्या सारख्याच" असं सांगितलं होतं. सारख्या नसतात.

मग उंची. आपण १.३७ मीटरवर मोजतो, पण कुठून? पश्चिमेला शेणखताचा ढीग होता तो उचलला गेलाय, आणि दिवाळीत मी काठी त्या ढिगाच्या पायथ्याशी टेकवली होती. जुना फोटो मोठा करून पाहिला. फितीच्या खाली म्हशीच्या डोळ्यासारखी एक गाठ दिसली. तीच खूण धरून भाच्याला पलीकडे उभं केलं आणि पुन्हा मोजलं. उंचीच्या घोळाचे दोन सेंटिमीटर निघाले.

उरले चार. पाच वेळा मोजलं, सकाळी आणि दुपारीही मोजलं. चार काही हलेनात.

उत्तर अखेर वाचनातच सापडलं. गोरखचिंचेचं लाकूड मऊ, पाण्यानं भरलेलं असतं. पावसाळ्यात खोड फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. मादागास्करमध्ये या कुळातल्या झाडांवर झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की पाऊस यायच्या आधीच ती खोडातलं पाणी वापरून पालवी काढतात. हे वाचलं त्याच रविवारी पहाटेच्या एसटीनं गेले. आभाळात ढग नव्हता, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि वरच्या फांद्यांच्या टोकांना कोवळे हिरवे पंजे उघडलेले! माझे चार सेंटिमीटर तिथं वर चढले होते. आबांना सांगितलं, तर त्यांनी फक्त मान हलवली. ते हेच आखाजीला म्हणाले होते.

आता वहीची उजवी बाजू. नव्यांसाठी सांगते, डाव्या पानावर झाड आणि उजव्या पानावर नामवंत माणूस, अशी माझी वही आहे. दोन्हींबद्दल वाचायला मला सारखंच आवडतं, रद्दीतून आणलेले सिनेमाच्या 'रसरंग'चे जुने अंक आणि झाडांचे लेख एकाच उशाशी असतात. या महिन्यात जुळलेली जोडी आजवरची सर्वांत आवडती आहे. डावीकडे मेथुसेला, कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधला ४,८०० वर्षांहून जुना पाइन. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्याचं वय काढलं. तो नेमका कुठला, हे तिथलं वनखातं सांगत नाही. उजवीकडे अभिनेत्री सुचित्रा सेन. १९७८ नंतर त्या पडद्यावर आल्या नाहीत आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत लोकांसमोर येणंही त्यांनी टाळलं. ही दोन पानं समोरासमोर ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. लोकांनी जीव टाकावा आणि तरी आपलं दार आपल्या हातात असावं, हे दोघांनाही मिळालं.

हायपेरियनला ते मिळालं नाही. २००६ मध्ये सापडलेला, सुमारे ११६ मीटरचा, कॅलिफोर्नियातलाच रेडवुड, जगातलं सर्वांत उंच झाड. ठिकाण फुटलं आणि लोक जंगल तुडवत त्याच्यापर्यंत जाऊ लागले, बुंध्याभोवतीचे नेचे गेले. २०२२ मध्ये उद्यानानं तो भाग बंद केला, मोडलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

म्हणूनच मागच्या नोंदीत कबूल केलं होतं तरी गावाचं नाव देत नाही. तापीकाठ, एवढ्यावर भागवा. देवळाचा कळस दिसणारा फोटोही काढून टाकलाय. कुणीतरी झाडाची रील टाकली तेव्हापासून शनिवार-रविवारी मोटारसायकली येतात आणि खोडावर नवी नावं दिसतात. गोरखचिंचेची साल पुन्हा भरून येते, त्या बाबतीत ती चिवट आहे, पण म्हणून कुणी चाकू लावावा असं नाही. शेजारी 'वय ११०० वर्षे' अशी पाटीही लागलीय. कुणी मोजलं, कसं मोजलं, गावात कुणाला सांगता येत नाही. घेरावरून वय काढायचं तर गोरखचिंच सर्वांत फसवी, कारण अनेक खोडं एकत्र वाढून एक दिसतात आणि आतून पोकळही असतात.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट आठवली आणि पुढचा बेत बदलला. ज्यांच्या नावावरून या झाडाला शास्त्रात 'अ‍ॅडनसोनिया' म्हणतात, ते फ्रेंच निसर्गअभ्यासक मिशेल अ‍ॅडनसन १७४९ मध्ये सेनेगलच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर गेले होते. तिथल्या गोरखचिंचांवर जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावं होती. त्या अक्षरांवरून त्यांनी झाड किती वाढलं याचा अंदाज बांधला आणि एका झाडाचं वय ५,१५० वर्षं काढलं. आकडा फारच फुगला, पण पद्धत बघा! आमच्या झाडाच्या उत्तरेला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, '१९७२' कोरलंय. दुष्काळाचं साल. समोरच्या रस्त्याचं काम त्याच वर्षी दुष्काळी कामांत झालं असं आबा सांगतात. अंकांची उंची सहा सेंटिमीटर आहे, पण ते आडवे ताणले गेलेत, 'सात'चं पोट तर चांगलं दोन बोटं रुंद.

तेव्हा वयाचा नाद सध्या बाजूला. आधी बटर पेपरवर त्या चार अंकांचा ठसा घेते, मग पोळ्यानंतर, खोड पाण्यानं भरलं की, दुसरा. फीत फायबरचीच, खूण म्हशीच्या डोळ्याची. आबांना विचारलं, १९७२ ला तुम्ही रस्त्यावर होता का? म्हणाले, होतो, खडी फोडत होतो. कोरलं कुणी, ते मात्र सांगितलं नाही. नुसते हसले आणि तंबाखू मळू लागले.