एका सामन्याच्या खेळाडूचा माग काढताना

विल्यम एडवर्ड व्हाइट अमेरिकी बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळला तो एकच दिवस, २१ जून १८७९. काही जण त्याला या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणतात. प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाचा ‘जो स्टार्ट’ नावाचा खेळाडू जायबंदी होता, म्हणून ब्राउन विद्यापीठातल्या या पोराला फर्स्ट बेसवर उभं केलं. क्लीव्हलँडवर ५-३ असा विजय. व्हाइटच्या नावावर एक हिट, एक रन आणि १२ पुटआउट (म्हणजे बाद केलेले गडी). पुढच्या सामन्यात त्या जागेवर जिम ओरूर्क आला. हा व्हाइट कोण, हे ‘साबर’ या बेसबॉल-संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी हुडकलं; मी त्यांचीच वाट कागदांवरून पुन्हा चालून पाहिली.

पहिला घोळ नावाचा. जुन्या धावफलकात नुसतं आडनाव असतं, आणि त्याच मोसमात सिनसिनाटीकडे विल व्हाइट (त्या वर्षी तब्बल ६८० इनिंग्ज टाकणारा पिचर, म्हणजे चेंडूफेक्या!) आणि त्याचा भाऊ डीकन होते. शोधलं की तेच पुढे येतात. म्हणून कॉलेजकडून सुरुवात करावी. तिथल्या नोंदीत गाव आहे मिल्नर, जॉर्जिया. मिल्नर आज लमार काउंटीत आहे, पण ती काउंटी १९२० ची. जुनी पानं पाइक काउंटीखाली बघायची.

१८७० ची शिरगणती नीट वाचावी. गुलामीतून सुटलेल्यांची नावं सरसकट याच शिरगणतीपासून मिळतात. मिल्नरमध्ये हॅना व्हाइटच्या घरी नऊ वर्षांचा विल्यम सापडतो, वर्णाच्या रकान्यात ‘एम’, म्हणजे मुलाटो (मिश्रवर्णीय). पण थांबा, कुटुंबप्रमुखाशी नातं काय हा रकाना १८८० पासूनचा. एका छपराखाली राहणं म्हणजे मायलेक असल्याचा पुरावा नव्हे. तो मिळतो मळेवाल्या ए. जे. व्हाइटच्या मृत्युपत्रात: विल्यम आणि त्याच्या दोन बहिणी ‘माझी नोकर हॅना’ हिची मुलं, असं नाव घेऊन लिहिलंय. हा ए. जे. व्हाइटच बाप मानला जातो, पण तिथे तो स्वतःला बाप म्हणत नाही.

१८८० मध्ये प्रॉव्हिडन्सला तोच विल्यम ‘गोरा’. १८९० च्या शिरगणतीचे कागद १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळे गेले, त्यामुळे थेट १९०० वर उडी मारावी लागते. पुढे शिकागोत, १९३७ मध्ये मरेपर्यंत, तो गोराच.

याउलट मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्ये याच मोठ्या बेसबॉलमध्ये टोलेडो संघाकडून काळा म्हणूनच खेळला आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या. म्हणून माझ्या टिपणात व्हाइटपुढे ‘पहिला कृष्णवर्णीय’ असं लिहिलं नाही. शिरगणतीचं साल आणि त्या सालचं अक्षर, एवढंच.