पाच जिनसांची माटोळी

चतुर्थी जवळ आली की कुणी ना कुणी विचारतंच, "यंदाही स्पर्धेत नाही?" 2024 पासून नाही. त्याचं कारण एकदा नीट लिहून ठेवावं म्हणतो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चतुर्थीला गणपतीच्या वर छताला आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, तोरिंग, चिबूड, नीरफणस असं त्या दिवसांत जे जे मिळतं ते बांधतो. रानातलंही बांधतो: कांगलां, घागऱ्या, शेरवडाची पांढरी पानं. ही माटोळी. कला आणि संस्कृती खात्याची तिची स्पर्धा असते, परीक्षक घरी येऊन बघून जातात.

माझं घर फोंडा तालुक्यात. फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात फिरून माझ्या चाळीसेक जिनसा व्हायच्या. त्यापुढच्या सगळ्या रानातल्या, आणि रान माझ्या मित्राचं. म्हणजे सत्तरी तालुक्यात त्याचं आजोळ, आणि तिथला प्रत्येक वेल त्याच्या वडिलांना ठाऊक. आबा आम्हाला दोघांनाही पहिलीपासून तिथे नेत. दोर काढायला कुंभ्याची साल सोलायची, तर ते कोयत्याने एकाच बाजूची सोलत. चारी बाजूंनी सोललं तर झाड मरतं, म्हणून. सोललेल्या सालीच्या पट्ट्या वाळवून गुंडाळून ठेवत. बांधायच्या आदल्या रात्री पाण्यात टाकल्या की पुन्हा मऊ.

2023 साली माझ्या माटोळीत 187 जिनसा होत्या आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव माझं एकट्याचं. तेव्हा ते मला खटकलं नाही, हे आज खटकतं. मी वही केली होती. जिन्नस, कुठे मिळतो, कोणत्या आठवड्यात. 2024 ला दोनशे करायच्याच, असं मनात पक्कं होतं.

त्या वर्षी चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. 29 ऑगस्टला पहाटे आबा गेले.

स्मशानातून परतताना मी मनात दिवस मोजत होतो. रविवारी रानात जायचं ठरलं होतं, आता कोण नेणार? हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने दिलेली पेज घेऊन त्याच्याकडे गेलो. तो सोप्यावर भिंतीला टेकून बसला होता. त्यांच्या घरी सुतक, त्यामुळे गणपती नाही. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "तूं रविवारी वच. कांगलां खंय आसात तें हांव तुका सांगतां." (आम्ही बोलतो कोंकणीत, लिहितो मराठीत. ते वाक्य मराठीत घातलं तर त्याचं राहत नाही.)

काल बाप जाळून आलेला माणूस मला कांगल्याची वाट सांगत होता. त्याने माझी वही माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली होती. मला तिथे बसवेना आणि उठवेना. मी पेज वाटीत ओतली, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, रविवारी मी इथेच आहे.

रविवारी तिथेच होतो. सोमवारीही. ऑफिस सुटलं की थेट त्याच्याकडे. फारसं बोलणं नव्हतं. एकदा त्याने आबांच्या सामानाचा पत्र्याचा डबा उघडला, आणि त्यात कुंभ्याच्या पट्ट्यांची गुंडाळी निघाली, मागच्या वर्षीची. "यंदा आमका नाकात," (आम्हाला नकोत) म्हणत त्याने ती माझ्याकडे दिली. स्पर्धेतून नाव काढून घेतल्याचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडला असता.

माझ्या घरी माटोळीला पाचच जिनसा बांधल्या: नारळ, सुपारी, केळी, तवसं (काकडी), आंब्याचे टाळे. आई काही म्हणाली नाही. शेजारी म्हणाले.

आमचा गणपती पाच दिवसांचा. 11 सप्टेंबरला विसर्जन, आणि आदल्या दिवशी आबांचं तेरावं झालेलं. संध्याकाळी आरतीला तो आला, मुंडण केलेला, बगलेत घुमट, आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य. वर बघितलं. "इतलेंच?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्याने घुमट मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखी आरती झाली, फक्त तो गायला नाही, नुसता वाजवत राहिला.

विसर्जन करून आलो. माटोळी उतरवताना आम्ही एरवी कोयत्याने दोर सपासप कापतो. मी कोयता आणला, तर त्याने हात धरला. स्टुलावर चढला आणि एकेक गाठ बोटांनी सोडवू लागला. सुपारीची गाठ पाण्याने आवळली होती, तिला बराच वेळ लागला. खाली मी नारळ झेलत होतो. सगळ्या पट्ट्या सुटल्यावर त्याने त्या पंजाभोवती गुंडाळल्या, आबा गुंडाळत तशाच, आणि गुंडाळी खिशात घालून घरी गेला.