बाई, वहीत काहीच कसं नाही?

गेल्या शनिवारी आमच्या बालवाडीत पालकसभा झाली. लहान गटातल्या एका मुलाचे वडील त्याची वही घेऊनच आले होते. पानं उलटून दाखवत म्हणाले, "बाई, जानेवारी उजाडला आणि वहीत नुसत्या रेघोट्या. शेजारचा मुलगा ह्याच्याच वयाचा, तो स्वतःचं नाव लिहितो." आवाजात राग नव्हता, काळजी होती. सभेत मला जेमतेम पाच मिनिटं बोलता आलं. राहिलेलं आज इथे लिहिते.

नाशिकला बालवाडीत शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्याआधी मी माझ्या मुलीला, ती साडेतीन वर्षांची असताना, रोज संध्याकाळी समोर बसवून एक पान लिहायला लावत असे. ती पेन्सिल मुठीत धरायची, टोक मोडायचं, मी ओरडायचे. एक दिवस वही सापडेना. दोन दिवसांनी पिठाच्या डब्यामागे मिळाली. तिनेच लपवली होती. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा मला एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी मऊ, कूर्चेची असतात आणि पुढे कितीतरी वर्षं एकेक करून टणक होत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली जेमतेम निम्मी टणक व्हायला लागलेली असतात. त्या हाताकडून मी रेघेच्या आत बसणारा 'अ' मागत होते.

म्हणून आमच्याकडे मुलं आधी फाडतात. जुनी वर्तमानपत्रं टराटरा फाडतात, मग त्याच कपट्यांचं चिकटकाम करतात. माती मळतात, मोठे मणी ओवतात, ठसे उमटवतात. वहीतल्या ज्या रेघोट्या त्या वडिलांना दिसल्या, त्यांत जूनमध्ये नुसता गुंता होता. आता उभी रेघ उभी येते आणि गोल मिटतो. गोल मिटणं ही फार मोठी गोष्ट आहे हो. जिथून निघालो तिथेच परत यायचं, आणि हात नेमका तिथे थांबवायचा!

घरी काय करू, असं आया विचारतात तेव्हा मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवते. सध्या मटारचे दिवस आहेत. शेंग दोन बोटांत दाबून उघडायची, अंगठ्याने दाणे सोडवायचे. पेन्सिल धरायला लागते ती चिमूट नेमकी अशीच तयार होते. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा मुलाला द्या. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे त्याला लावू द्या. दोन पेल्यांमधून पाणी इकडून तिकडे ओतू द्या. सांडेल. फडकंही त्याच्याच हातात द्या, फडकं पिळण्यातही मनगटालाच काम असतं. वेळ लागतो, हे मला मान्य आहे. सकाळी सातच्या घाईत हे करा असं मी म्हणतच नाही, रविवारी करा.

आकड्यांचंही असंच. मोठ्या गटातली एक मुलगी एक ते पन्नास घडाघडा म्हणते. तिला म्हटलं, "पाच चमचे आण बरं." तिने मूठभर आणले. तिच्यासाठी ते आकडे अजून गाण्यासारखे आहेत, एका आकड्याला एक वस्तू ही जोडी जमायची आहे. ती जेवायची ताटं मांडताना जमते. घरात माणसं किती, ताटं किती, आजी गावाला गेली तर किती कमी? पंधरा दिवस तिच्या आईने एवढंच केलं. परवा ती मुलगी आमच्याकडे चटया घालताना म्हणाली, "बाई, दोन कमी पडतात."

भाषेबद्दल मात्र मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. आमच्याकडे खानदेशातून आलेली बरीच कुटुंबं आहेत. शिशुगटातला एक मुलगा पहिले दोन महिने बोललाच नाही. एका दुपारी हळूच म्हणाला, "माले पानी जोयजे." त्याची आई ओशाळली. म्हणाली, "बाई, घरी अहिराणी बंद केली आहे आता, शुद्धच बोलतो." मी तिचा हात धरून सांगितलं, बंद करू नका. मूल ज्या भाषेत रुसतं, हट्ट करतं, स्वप्न सांगतं, त्याच भाषेत विचार करायला शिकतं. आमची मराठी तो आमच्याकडून उचलेल. तोवर चार अहिराणी शब्द मी शिकेन.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती, तिथे बिया, शिंपले, खडे, पानं आली. माझ्या कपाटातला चिंचोक्यांचा डबा मला त्या परंपरेतलाच वाटतो.

आणि शेजारच्या मुलाचं म्हणाल, तर तो नाव लिहितो याचा मला आनंदच आहे. पण 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा पायाभरणीचा एकच टप्पा मानला आहे. त्यात पहिली-दुसरीही आली. तुमच्या मुलाला लहान गटात उशीर झालेला नाही. काळजीच करायची तर दुसऱ्या गोष्टींची करा. त्याला तुमचं सांगणं समजतं का, हाक मारली की वळून बघतो का, इतर मुलांत मिसळतो का. यात काही खटकलं तर थांबू नका, मला भेटा, डॉक्टरांनाही दाखवा.

रोज रात्री दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून त्याला एक गोष्ट सांगा. तीच गोष्ट चाळीस वेळा मागेल, चाळीस वेळा सांगा. पुढचं वाक्य तो तुमच्याआधी म्हणायला लागला की समजा, वाचनाची सुरुवात झाली.

सोमवारपासून आम्ही मोठ्या गटात दुकान मांडतो आहोत. रिकाम्या काडेपेट्या, नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची झाकणं आणि जुना तराजू कुणाकडे असेल तर मुलांच्याच हाती पाठवा. पिशवी थोडी जड झाली तरी त्यांनाच उचलू द्या.