ए-आर्म बदलले, आता हँडल ऐकत नाही

स्नोमोबाइलला (बर्फावर पुढे दोन स्की आणि मागे फिरत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रॅकवर, चालणारी गाडी) लांब ए-आर्म (स्कीला गाडीशी जोडणारे हात) किंवा उंच शॉकचं किट बसवलं की तीन तक्रारी हमखास येतात. गाडी सरळ रेषेत भरकटते, खड्ड्यात हँडल हिसका देतं, नाहीतर वळणावर नाक बाहेरच सरकत राहतं. तिन्हींची कारणं वेगळी. सगळ्यांवर उपाय म्हणून टाय रॉडच (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणारा दांडा) पिळत बसलात तर बर्फ वितळेल, गाडी तशीच राहील.

आधी ढिलाई शोधा. पुढचा भाग घोडीवर घ्या, स्कीचं टोक आडवं हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी टाय रॉडच्या सांध्यांवर, स्पिंडलच्या (स्की ज्यावर वळते त्या खांबाच्या) बुशवर, हँडलच्या दांड्याच्या खालच्या बेअरिंगवर बोट ठेवायला सांगा. जिथे ‘टक्’ जाणवेल तो भाग बदला. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पाण्यावरची रेघ.

मग गाडी सपाट फरशीवर, चालवताना असते त्या उंचीवर ठेवा. हँडल सरळ बांधा, स्कींच्या टोकांना रबरी पट्टा घालून उरलासुरला ढिलेपणा काढा. ट्रॅकच्या कडेला अॅल्युमिनियमची सरळ नळी टेकवा, ती स्कीच्या पुढपर्यंत पोचली पाहिजे. स्पिंडलच्या बोल्टपासून २५० मिमी पुढे आणि २५० मिमी मागे, नळीपासून कार्बाइडच्या (स्कीखालच्या कडक धातूच्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजा. स्कीची कड धरू नका, प्लास्टिक वाकतं. दोन्ही स्की मिळून पुढची बाजू ३ ते ६ मिमी जास्त उघडी हवी, दोन्हीकडे सारखी वाटलेली. मोटारीची चाकं पुढून किंचित आत घेणाऱ्या मेकॅनिकची सवय इथे उलटी पडते.

इथपर्यंत बहुतेक जण करतात. खड्ड्यात बसणारा हिसका मात्र यातून जात नाही, कारण तो उभ्या गाडीत दिसतच नाही. ए-आर्मचं टोक एका कमानीत वर-खाली होतं, टाय रॉडचं टोक दुसऱ्या. कमानी जुळल्या नाहीत की टाय रॉड स्पिंडलला ढकलतो किंवा ओढतो, आणि स्की आपोआप वळते. उंच शॉक लावले की ए-आर्म जास्त तिरके होतात, म्हणून हा फरक आणखी वाढतो.

तपासायला शॉक काढा, हँडल बांधलेलंच ठेवा आणि जॅकने स्की २५-२५ मिमी उचलत प्रत्येक वेळी नळीपासूनचं तेच माप लिहा. नेहमीच्या उंचीच्या वर स्की एका दिशेने आणि खाली उलट दिशेने वळत असेल, तर टाय रॉडच्या एका टोकाची उंची चुकली आहे. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेने वळत असेल, तर रॉडच्या सांध्यांमधलं अंतर चुकलं आहे. उंचीची चूक बाहेरच्या सांध्याखाली स्पेसर घालून सुधारते, पण स्पेसर जाड झाला की बोल्टवर वाकवणारा ताण येतो, म्हणून १०.९ ग्रेडचाच बोल्ट घ्या. लांबीच्या चुकीला किटबरोबरचाच रॉड हवा. जुना रॉड आट्यांवर बाहेर काढून लांबी भरू नका. एम१० सांध्याचे किमान १५ मिमी आटे आत हवेत, नाहीतर ऐन वेगात स्की हातची जाईल.

आता वळणावर बाहेर सरकणारं नाक. खालचा ए-आर्म ४०० मिमीचा ४५० केला आणि शॉक आतल्या पिवटपासून (ए-आर्म गाडीला जिथे जोडतो त्या बिजागरीपासून) ३०० मिमीवरच राहिला, तर स्कीशी जाणवणारा स्प्रिंगचा जोर साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो (गुणोत्तराचा वर्ग होतो, म्हणून घट मोठी दिसते). नाक बसतं, वजन ट्रॅकच्या पुढच्या भागावर जातं आणि स्कीचा चावा कमी होतो. प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवा किंवा कडक स्प्रिंग घाला. तेवढ्याने भागलं नाही तर मागच्या सस्पेन्शनचा लिमिटर पट्टा (ट्रॅकचा पुढचा भाग किती खाली जाईल ते ठरवणारा) एक भोक आवळा. अति आवळला की हँडल जड होतं.

भरकटण्याचं कारण पुष्कळदा किट नसतंच. एकेरी कार्बाइड आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चरांत शिरतं. दुहेरी लावा. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर स्वे बारच्या (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक पाहा, त्या असमान लांबीच्या राहिल्या की एक स्की कायम दाबलेली राहते.

शेवटी स्की पूर्ण खाली लोंबत असताना आणि पूर्ण दाबलेली असताना हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघा. बॉल जॉइंट अडकता कामा नये, स्की कुठे घासता कामा नये. पहिल्या ३० किलोमीटरनंतर लॉक नट पुन्हा आवळा. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, पाना लावण्याआधी दिशा बघा.