होडीला होडी कशाला?

परवा व्हिडिओ कॉलवर आईला आमची बोट दाखवत होते. बोट म्हणजे जेमतेम तेवीस फुटी, जुनी, शिडाची. किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर बोयाला, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेली. आईने डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "ती तर पाण्याच्या मधोमध आहे, तुम्ही तिथवर जाता कसे?"

"डिंगीने."

"ते काय असतं?"

"छोटी होडी गं."

आई दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "अगं, होडीला आणखी होडी कशाला?"

प्रश्न बरोबर होता. बोट घेताना आम्हालाही तो पडला नव्हता, हीच तर गंमत. जेटीला बोट लावायची तर वर्षाचं भाडं एवढं, की त्यात दरवर्षी आणखी एखादी जुनी बोट आली असती. बोया त्यामानाने स्वस्त. पण बोयावरच्या बोटीला पायऱ्या नसतात. चढायचं तर आधी पाण्यावरून तिथवर पोचायला हवं, आणि त्यासाठी डिंगी. (हा शब्द इंग्रजीने आपल्याच बाजूने उचललाय, हिंदी-बंगालीतून. आता तोच शब्द आईला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली.)

पैसे बोटीतच संपले होते. त्यामुळे पहिली डिंगी आम्ही जी सगळ्यात स्वस्त मिळाली ती घेतली: पातळ प्लॅस्टिकची, हवा भरायची, पिवळ्या-निळ्या रंगाची. बाजूवर लिहिलेलं होतं की हे जीव वाचवण्याचं साधन नाही. ते वाचून आम्ही हसलो. वल्ही पोकळ प्लॅस्टिकची, दोन तुकडे एकमेकांत अडकवायची. पहिल्या दिवशी वारा फारसा नव्हता, छान पोचलो. दुसऱ्या शनिवारी ओहोटी लागलेली आणि वाराही त्याच दिशेचा. अर्ध्या वाटेत मी जोर लावला तेव्हा वल्हं पाण्यात जाण्याऐवजी मधल्या जोडापाशी केळीच्या पानासारखं वाकलं. होडी जागच्या जागी गोल फिरली. नवरा म्हणाला, "डावीकडून मार." मी म्हटलं, "डावीकडूनच मारतेय." तोवर आमची बोट मागे पडली होती आणि आम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी बोयाची साखळी धरून लोंबकळत होतो.

सोडवायला आले ते शेजारच्या बोयावरचे एक म्हातारे गृहस्थ. लाकडाची, बोथट तोंडाची, खोक्यासारखी दिसणारी होडी वल्हवत आले. ना घाई, ना धाप. आमचा दोर मागे बांधला आणि तसेच वल्हवत आम्हाला ओढून नेलं. बोटीवर चढल्यावर मी विचारलं, चांगली डिंगी कुठली घ्यावी? ते म्हणाले, आधी ती ठेवणार कुठे ते सांगा.

तेव्हा उत्तर तिरपं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही मोजपट्टी घेऊन डेकवर गेलो. डोलकाठीपासून तिला पुढून ताणून धरणाऱ्या तारेपर्यंत जागा चांगली अडीच मीटर दिसत होती. दोराने डिंगीचा आकार आखून बघितला तर सव्वादोन मीटरची डिंगीसुद्धा बरोबर डेकमधल्या पुढच्या झडपेवर, म्हणजे उघडणाऱ्या झाकणावर, येत होती. ती झडप म्हणजे आत झोपणाऱ्याला हवा येण्याची वाट आणि आग लागली तर बाहेर पडण्याची दुसरी वाट. शिवाय नांगर टाकायला जाताना पाय ठेवायचा कुठे? मोठ्या बोटींना मागे लोखंडी हात असतात, त्यांना डिंगी टांगून ठेवतात. तेवीस फुटी बोटीला ते लावले तर बोट मागे बसेल आणि दिसेलही खेचरासारखी.

मग मागे ओढत न्यायची? नेतात लोक. पण ओढत नेलेली डिंगी वेग खाते. लाटा मोठ्या झाल्या की दोर कधी ढिला पडतो, कधी हिसका देतो. हलकी हवेची डिंगी जोराच्या वाऱ्यात चक्क उलटी होते. म्हणून तिच्यावर इंजिन ठेवून कधीच ओढायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोट मागे घेताना दोर आखडून घ्यायचा राहिला, तर तो थेट बोटीच्या इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात. हे आमच्याकडून एकदा झालंय. अंगावर काटा आणणारं पाणी होतं आणि आत उतरून सुरीने दोर कापायचा मान नवऱ्याला मिळाला. तेव्हापासून दोर पाण्यावर तरंगणारा घेतलाय.

तर आता हवेच्या डिंगीबद्दल. खेळण्यातल्या नव्हे, खऱ्या. बहुतेक स्वस्त डिंग्या पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या असतात. महागड्यांना लोक हायपॅलॉनच्या म्हणतात. ते मुळात ड्यूपाँट कंपनीच्या रबराचं नाव, कंपनीने ते बनवणं २०१० च्या सुमारास बंद केलं, पण नाव काही गेलं नाही. कडक उन्हात वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर पीव्हीसी लवकर हार मानतं: आधी चिकट होतं, मग सांधे सुटतात. थंड हवेत, वापरून झाल्यावर पिशवीत भरून ठेवणाऱ्या माणसाला पीव्हीसी पुष्कळ वर्षं पुरतं. आमच्यासारख्यांनी उगाच जास्तीचे पैसे घालू नयेत असं माझं मत. फक्त ठिगळ लावताना गोंद त्या-त्या कापडाचाच हवा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

तळ मात्र नीट बघून घ्यावा. फळ्यांचा तळ असलेली सगळ्यात हलकी आणि स्वस्त. दोन-सव्वादोन मीटरची वीसेक किलोत बसते, गुंडाळून कपाटात जाते. पण त्यात उभं राहिलं की पाय गादीत रुतल्यासारखा रुततो, आणि वल्हवताना ती आडवी सरकत राहते. हवेचा तळ कडक असतो, कारण त्यात बाजूच्या नळ्यांच्या तिप्पट दाब भरायचा असतो. नळ्यांना पाव बारच्या आसपास, तळाला पाऊण बारच्या आसपास (बार हे दाब मोजायचं एकक). फायबरचा कडक तळ असलेली सगळ्यात देखणी. पण ती ना गुंडाळता येत, ना आमच्या डेकवर मावत. तिचा विचार आम्ही मोजपट्टीपाशीच सोडला.

एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. किनाऱ्यावर उन्हात टम्म फुगवलेली डिंगी थंड पाण्यात टाकली की पाच मिनिटांत मऊ पडते. भोक पडलेलं नसतं, आतली हवा गार झालेली असते. पंप बरोबर ठेवायचा. आणि याच्या उलट, गार सकाळी टम्म फुगवून दुपारभर किनाऱ्यावर उन्हात ठेवू नये.

जुनी हवेची डिंगी घ्यायला गेलात तर फुगवून रात्रभर ठेवू द्यायला सांगा. मालक कां-कूं करायला लागला तर उत्तर मिळालं. सांध्यांवर, हवा भरायच्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे खोटं बोलत नाहीत. मागची लाकडी फळी, जिच्यावर इंजिन बसवतात, ती हाताने हलवून बघा. पहिल्यांदा सुटतो तो तिचाच सांधा.

इंजिनावरून घरात बरीच चर्चा झाली. अडीच अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक म्हणजे सतरा-अठरा किलो. ते हलणाऱ्या डिंगीतून हलणाऱ्या बोटीवर उचलून द्यायचं, तेही पाण्यात न पाडता. त्याचं पेट्रोल कुठेतरी ठेवायचं, हिवाळ्यात त्याची सेवा करायची, आणि एवढं सगळं तीनशे मीटरसाठी. इंजिनाची किंमत डिंगीपेक्षा जास्त. मग माझ्या डोक्यात हिशोब उलटा फिरला: डिंगी चांगली वल्हवता आली, तर इंजिनच नको. म्हणजे स्वस्त डिंगी ती नव्हे जिची किंमत कमी, स्वस्त ती जिला इंजिन लागत नाही. आणि हवेची डिंगी वल्हवायला एकंदरीत वाईटच. वारा तिला ढकलतो, वल्ही आखूड, तळ सपाट.

म्हणून आम्ही त्या म्हाताऱ्यांच्या खोक्यासारखंच एक खोकं शोधलं. अशा बोथट तोंडाच्या होडीला प्रॅम म्हणतात. तोंड बोथट असल्यामुळे कमी लांबीत जास्त माणसं आणि सामान मावतं. मुलांना शीड शिकवायला जगभर वापरतात ती ऑप्टिमिस्टही याच जातीची, १९४७ साली क्लार्क मिल्सने आखलेली. आमची प्लायवुडची आहे, कुणीतरी घरी बांधलेली: फळ्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायच्या आणि सांध्यांवर इपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा गोंद) व काचेच्या कापडाची पट्टी चढवायची, ही पद्धत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिरर डिंगी या घरी बांधायच्या छोट्या शिडाच्या होडीने ती घरोघरी पोचवली.

विकणारे म्हणाले, वजन पंचवीस किलो. मी बाथरूममधला वजनकाटा घेऊन गेले होते. एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. मग टोकं बदलून पुन्हा. दोन्ही आकड्यांची बेरीज. एकतीस आली. विकणारे माझ्याकडे असं बघायला लागले जसं काही मी त्यांच्या मुलीचं वय विचारलं. मग स्क्रू-ड्रायव्हरने मागच्या फळीचा खालचा कोपरा टोचला, तो ओल्या बिस्किटासारखा आत गेला. कुजलेलं लाकूड अडीच बोटांएवढं होतं. त्या अडीच बोटांनी किंमत चांगलीच उतरली. नंतर एका शनिवार-रविवारात कोपरा कापून नवीन तुकडा बसवला, आणि वल्ही मात्र नवी, लांब, लाकडाची घेतली. पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका.

तिचे दोषही सांगते. ती डुगडुगते. नवऱ्याने पहिल्यांदा काठावर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत भिजला; पाय नेहमी मधोमध, आणि लगेच बसायचं. रात्री बोटीवर झोपलं की ती बाहेरून ठक ठक करत बसते, त्यासाठी काठाला सगळीकडून जाड दोर शिवला, तरी अधूनमधून ठकठकतेच. हवेची डिंगी आपलं उशीसारखं अंग लावून गुपचूप पडून राहिली असती. आणि वल्हवण्याचा वेग दोन नॉटच्या (ताशी पावणेचार किलोमीटरच्या) आसपास, त्यामुळे ओहोटीची ओढ तेवढीच असेल तर तुम्ही फक्त व्यायाम करता. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रीजवर लावलंय.

लोकांना मोठ्या बोटीची भीती वाटते, मला खरी या तीनशे मीटरची वाटते. अंधार, थंड पाणी, हातात पिशव्या, आणि "एवढंसं तर अंतर" म्हणून लाइफ जॅकेट न घातलेलं. आमच्याकडे नियम एकच: जॅकेट चढवल्याशिवाय दोर सुटत नाही. पाणी काढायचं भांडं दोरीने बांधलेलं, टॉर्च खिशात, वल्हं एक जास्तीचं.

आता पुढचा पेच. येत्या उन्हाळ्यात दोन आठवडे नांगर टाकत टाकत हिंडायचं ठरतंय, आणि हे खोकं डेकवर मावत नाही, ओढत न्यायची माझी तयारी नाही. म्हणजे कपाटात मावणारी एक फळ्यांच्या तळाची हवेची डिंगी हवीच. जुनी एक बघून ठेवलीय. मालक रात्रभर फुगवून ठेवायला एका पायावर तयार आहेत. होडीच्या होडीलाही आता जोडीदार येतोय, हे आईला अजून सांगितलेलं नाही.