राल्फचा चौकोनी केक

आज 'रेक-इट राल्फ' पुन्हा पाहून झाला. २०१२ चा डिस्नेचा ॲनिमेशनपट, व्हिडिओ गेममधल्या पात्रांची गोष्ट; राल्फ त्यातलाच एक. दिग्दर्शक रिच मूर. कथा सोडा, पुढच्या वेळी फक्त हालचाली बघा. राल्फच्या गेममधल्या इमारतीतली ती बुटकी माणसं वळताना झटका देऊन वळतात, मधली हालचाल गायबच! जुन्या गेममध्ये एका पात्राची मोजकीच चित्रं असायची, म्हणून. राल्फ केकवर हात आपटतो तेव्हा क्रीमचे डागसुद्धा काटकोनात उडतात. तिथे पॉज कराच.

किंग कँडी (चित्रपटातलंच एक पात्र) तिजोरी उघडतो तो बटणांचा क्रम म्हणजे कोनामी कोड, कोनामी कंपनीच्या जुन्या गेममधला प्रसिद्ध चीट कोड: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट.

आणि श्रेयनामावली संपल्यावर टीव्ही बंद करू नका (सगळे करतातच). शेवटी डिस्नेचा लोगो बिघडतो. ती पॅकमॅन या जुन्या गेमच्या २५६व्या लेव्हलची नक्कल. लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये (संगणकाच्या स्मृतीचा छोटा कप्पा) साठवलेला, त्यात ० ते २५५ एवढंच मावतं. पुढे हिशेब शून्यावर येतो, गेम पडद्याच्या तळाशी लेव्हल दाखवणारी फळं जास्तीत जास्त सात काढायची, त्या जागी २५६ काढायला जातो आणि अर्धा पडदा आकडे-अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. उजवी बाजू खेळण्यालायक राहतच नाही.