चर्चचा रॅम्प: मुख्य दारातूनच

वसईतलं आमचं चर्च पोर्तुगीज काळातलं. समोर पाच दगडी पायऱ्या, वर जाड लाकडाचं दोन फळ्यांचं दार. मी सिव्हिल इंजिनिअर, त्यात त्याच पॅरिशमधला, म्हणजे याच चर्चच्या मंडळींपैकी, त्यामुळे रॅम्पचं काम फादरांनी माझ्याच गळ्यात घातलं.

बैठकीत पहिली सूचना आली ती मागच्या दाराची. 'वेदीमागच्या खोलीला एकच पायरी आहे, सिमेंट ओतलं की काम झालं.' खर्चाचा हिशेब चोख होता. पण लग्नाला, मयताला, नाताळच्या मिस्साला सगळं गाव पुढून येणार आणि व्हीलचेअरवरच्या मावशी मात्र झाडू-बादल्यांच्या शेजारून? दुसरी हरकत त्याहून भारी: लग्नाच्या फोटोत रॅम्प येईल. येऊ दे की! फादरांनी माझी बाजू उचलून धरली आणि रॅम्प पुढेच ठरला.

नियम असा, की एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या, अडीच फूट उंची, म्हणजे तीस फूट रॅम्प. सरळ काढला असता तर थेट अंगणातल्या क्रूसाला भिडला असता. म्हणून भिंतीलगत नेऊन काटकोनात वळवला. वळणावर पाच बाय पाच फुटांची सपाट जागा ठेवली, खुर्ची वळवायला आणि ढकलणाऱ्याला दम खायला. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर धरायला पाइप. जुन्या दगडाला हात लावला नाही. मधे फट ठेवून रॅम्प स्वतःच्या पायावर उभा केलाय, उद्या काढावा लागला तर भिंतीला ओरखडासुद्धा पडणार नाही.

फरशीवरून ठेकेदाराशी वाजलंच. त्याला पॉलिश केलेला ग्रॅनाइट हवा होता, 'चकाचक दिसतो'. आपल्याकडच्या पावसात त्यावरून धडधाकट माणूससुद्धा घसरेल! शेवटी खरबरीत दगड बसवला. पायथ्याशी पाण्यासाठी गटार केलं, तर जाळीच्या पट्ट्या नेमक्या चाकांच्या दिशेनेच बसवलेल्या. खुर्चीची पुढची छोटी चाकं अशा फटीत बरोब्बर रुततात. जाळी काढून आडवी लावून घेतली, फटी अर्ध्या इंचाच्या आत.

रॅम्प वाळल्यावर आमच्या गल्लीतल्या एका मावशींना आणलं. लहानपणापासून त्या खुर्चीवर आहेत, बोलायला फटकळ. वर आल्या, दारात थांबल्या. एका फळीला कायमची कडी, उरलेल्या फटीतून जाताना त्यांची कोपरं घासली. 'दुसरी उघडायला काय पोपची परवानगी लागते?' कडी त्याच दिवशी निघाली आणि उंबऱ्याला दोन्हीकडून उतार दिला. आत आल्यावर दुसरा प्रश्न: 'आता मला बसवणार कुठे? वाटेत?' खरंच, बाकांमध्ये जागाच नव्हती. मधल्या रांगेतले दोन बाक सुताराकडून तीन-तीन फूट आखूड करून घेतले, म्हणजे घरच्यांच्या शेजारी खुर्ची लागते.

सध्या भांडण चालू आहे ते रविवारी रॅम्पच्या तोंडाशी बाइक लावणाऱ्यांशी. मधे खुर्चीपुरती वाट सोडून खांब रोवायचा विचार आहे. खर्चाचा विषय पुढच्या बैठकीत.